हजार घागरींची शिळा

एका राज्यात एक शिळा होती, आणि त्या शिळेपुढे राजाचेही काही चालत नसे. शिळा पांढरीशुभ्र, रेशमी शेल्यात गुंडाळलेली, राजवाड्यासमोरच्या चौकात चांदीच्या चौरंगावर बसवलेली. ते नगर एका अफाट सरोवराच्या मधोमध होते, आणि एका कासवाच्या पाठीवर होते. हे सर्वांना ठाऊक होते. पण आपल्या घराखालच्या जमिनीची जेवढी चौकशी आपण करतो, तेवढीच ते त्या कासवाची करीत, म्हणजे मुळीच करीत नसत.

नगर दरवर्षी बोटभर पाण्यात जाई. ज्या पायऱ्यांवर पणज्या धुणे धूत, त्या पायऱ्यांवर पणत्यांनी मासे फिरताना पाहिले. याचे कारणही सर्वांना तोंडपाठ होते. माणसे जड झाली, कासवाला भार सोसवेना, म्हणून नगर बुडते. तेव्हा दर चैत्री पौर्णिमेला सकाळी शिळेला हजार घागरींचे स्नान घालीत, आणि मग ती मोठ्या तुळेच्या एका पारड्यात ठेवीत. सोळा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाने दुसऱ्या पारड्यात बसायचे. ज्याचे पारडे खाली गेले, त्याच्या कपाळाला राख लावायची, त्याला राजनावेत बसवून पैलतीरावर सोडायचे. पुन्हा नगरात पाऊल नाही. त्याच्या हातचे पाणी नाही.

स्नानाचे पाणी दगडी मोरीतून खाली सरोवराकडे सोडून देत. त्याला कोणी बोट लावीत नसे. शिळेचे पाणी पोटात गेले की शिळेचा भार अंगात येतो, असे तिथे तान्ह्या मुलालाही सांगत.

आता गंमत पाहा. पहिल्या राजाच्या काळी वर्षाकाठी एखादा जड निघे. पुढे दहा निघू लागले, मग आळ्यांच्या आळ्या. लोक म्हणत, हल्लीची माणसे खाऊन माजली. जो तो शेजाऱ्याच्या ताटात डोकावू लागला. पंगतीत वाढपी अंगाने आडव्या माणसाच्या पानावरून भरभर पुढे सरके. तापाने फणफणलेली बाई वैद्याकडे गेली, तर नाडी हातात घेण्याआधी तो विचारी, "जेवतेस किती?" आणि बाईलाही वाटे, ताप आपल्या जेवणाचाच असावा.

पैलतीरावर जाईवंता नावाची एक पाथरवटीण राहत होती. नाव फुलाचे आणि देह वडाच्या बुंध्याचा, अशी थट्टा ती लहानपणापासून ऐकत आली होती. जात्याला टाकी लावावी तर तिनेच. दगडावर हातोडी वाजवून ती सांगे, हा उन्हाळ्यात तडकेल, हा नातवापर्यंत टिकेल. चार वर्षांपूर्वी ती जड ठरली. त्या दिवशी तिने प्रधान सूक्ष्मसेनाला भर चौकात विचारले होते, "गेल्या वर्षी मी बसले तेव्हा पारडे वर राहिले. देह तोच, चोळीचे माप तेच. मग एका वर्षात झाले काय?"

प्रधान म्हणाला, "चोरून खाणारे असेच विचारतात."

चौक हसला. जाईवंताने मान खाली घातली, आणि नावेत बसताना तिला खरेच वाटले की आपल्या भाराने ही नाव आता बुडणार. नाव बुडाली नाही. पण भीती तशीच राहिली. चार वर्षांत ती पुन्हा कोणत्याच होडीत चढली नाही. तिला नवरा नव्हता. बारा वर्षांची लेक पारिजा आत्याकडे नगरातच राहिली. नगरातली दळणाची जाती नावेने पैलतीरावर येत, टाकी लागून परत जात, कारण जड माणसांचे श्रम नगराला कधी जड झाले नाहीत. जात्याच्या खुंटीला पारिजा कधी फूल बांधून पाठवी, कधी चिंचेचे बोटूक. गेल्या वर्षापासून खुंट्या मोकळ्याच येऊ लागल्या.

पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना एक टिटवी जाईवंताच्या ओट्यावर येऊन बसली. त्या राज्यात पक्षी बोलत, आणि टिटव्या सर्वांत जास्त बोलत.

"पाथरवटीणबाई, वाईट बातमी आहे. लांबण लावू की थोडक्यात सांगू?"

"थोडक्यात सांग."

"तुझी लेक यंदा सोळा वर्षांची झाली. पौर्णिमेला ती तुळेत बसणार. तिने अन्न टाकले आहे. लिंबाच्या पाण्यावर आहे. काल पाणवठ्यावर घागर उचलताना पडली."

जाईवंताच्या हातातली टाकी थांबली. "पारिजा तर काडीसारखी आहे."

"काड्याही जड निघू लागल्या आहेत," टिटवी म्हणाली. "आणखी एक सांगू का? ती सगळ्यांना सांगते, माझी आई मेली. जड बाईची लेक म्हणवून घ्यायला तिला भीती वाटते."

हे ऐकून जाईवंताला लेकीचा राग आला नाही, राग आला तो स्वतःचाच, की आपणच त्या दिवशी मान खाली घातली, ती लेकीने पाहिली. मग तिने एक प्रश्न विचारला, जो त्या राज्यात सात पिढ्यांत कोणी विचारला नव्हता.

"टिटवे, कासवाला कोणी विचारले आहे का?"

"काय?"

"भार होतो का, म्हणून."

टिटवी जन्मात प्रथमच गप्प बसली. पाय वर करून निजणारी तिची जात, आपणच आभाळ तोलून धरतो अशी समजूत असलेली. दुसऱ्यानेही काही तोलून धरले असेल आणि त्याचे म्हणणे निराळे असेल, हे तिच्या डोक्यात कधी आले नव्हते. "नाही," ती शेवटी म्हणाली. "पण त्याचे डोके कुठे आहे ते मला माहीत आहे. नगराच्या पोटाखाली गुहा आहे. मोरीचे पाणी तिथेच पडते."

गुहेपर्यंत जायचे तर पाण्यातून जायला हवे. होड्या राजाच्या. जाईवंताने गुऱ्हाळातली गूळ शिजवायची मोठी काहील मागून आणली आणि काठाशी लोटली.

"बुडेल हो," टिटवी म्हणाली.

"बुडते का पाहू."

एक पाय टाकला, काहील डुलली. दुसरा टाकला, जरा खाली बसली. जाईवंता छातीत श्वास धरून बसून राहिली. काहील तरंगत होती. आणखी पाच घागरी ठेवल्या असत्या तरी तरंगली असती. चार वर्षे आपण काठावर बसून काढली ती कशासाठी, या विचाराने तिला हसू आले आणि डोळेही भरले, आणि तिने वल्हे मारले.

गुहेत दुपारच्या उजेडाची एक तिरीप येत होती. त्या उजेडात तिने पाहिले ते डोके नव्हते, पांढरा खडक होता. वरून मोरीचे तोंड, आणि तिथून खाली सात पिढ्यांचा जाड थर, कानावर, डोळ्यांवर, तोंडावर. हनुवटीचा तळ तेवढा पाण्याला टेकला होता.

ऐकू न येणाऱ्याशी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून जाईवंताने आधी कान मोकळा करायचे ठरवले. ओळख पटल्याशिवाय कोणी बोलत नाही, म्हणून मग डोळे. तोंड शेवटी. तीन कामे, आणि दिवस मोजके. तिने टाकी लावली.

पहिले दोन दिवस कान. दगड चमत्कारिक होता. हातोडी मारली तर काळ्या दगडासारखा खणखणत नव्हता, चुनखडीसारखा भुसभुशीतही नव्हता. कोणती खाण ही, जाईवंता स्वतःशी म्हणे, कोणत्या डोंगराची? दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना शेवटचा पापुद्रा निघाला आणि प्रचंड कान हलला. "ऐकतोस का?" तिने विचारले. डोके किंचित झुकले.

पुढचे दोन दिवस डोळे. बोटाला टाकी लागून रक्त आले, आणि दगडाची भुकटी त्यात जाताच बोट असे चुरचुरले की तिने हात झटकला. पाथरवटाच्या हाताला शंभर जखमा होतात, पण दगड कधी असा झोंबत नाही. हे तिने मनात ठेवले. पापण्या उघडल्या तेव्हा आतले डोळे लाल होते, आणि त्यांतून पाणी वाहिले ते थांबेचना.

तिसऱ्या कामाला बसण्याआधी तिने तेच केले जे पाथरवट अनोळखी दगडाशी करतात. दगड ओला झाला की त्याचा कण दिसतो, आणि दूर खाणीत पाणी नसेल तर जीभच लावावी लागते. तिने एक खपली उचलली आणि जिभेला लावली.

"मीठ," जाईवंता म्हणाली. "टिटवे, हे मीठ आहे."

मग तिने तोंडावरचा थर इतक्या झपाट्याने काढला की दीड दिवसातच जबडा मोकळा झाला. कासवाने आधी पोटभर पाणी प्यायले. मग ते बोलले, आणि गुहेतले दगड बारीक थरथरले.

"बाई, तू कोण?"

"वरची एक बाई. जड ठरलेली. विचारायला आले आहे, आमचा भार होतो का?"

"भार? तुम्ही वर आहात हे मला विसरायला होते. मुले उड्या मारून खेळतात, तेव्हा पाठ खाजवल्यासारखे वाटते, तेवढेच."

"मग तू खाली का जातोस?"

"डोळ्यांत मीठ जाते म्हणून. दरवर्षी वरून ते पाणी पडते. डोळे धुवायचे तर मला खाली वाकावे लागते. एकदम बुडी मारली तर तुम्ही सगळे मराल. म्हणून बोटबोटभर जातो."

कासव पुढे सांगू लागले. सात पिढ्यांपूर्वी शंखनाभ नावाचा एक मायावी या नगरात पाहुणा आला. विद्येने मोठा, देहानेही मोठा. राजाने त्याला झोपाळ्यावर बसवले, झोपाळ्याची कडी निखळली आणि तो पडला. सारा दरबार हसला. राजा हसला, राणी हसली, त्याला उठवायला आलेले सेवकही हसले. दुसऱ्या दिवशी त्याने एक पांढरी शिळा भेट पाठवली आणि निरोप पाठवला, तुमचे नगर बुडते आहे, या शिळेहून जड असतील त्यांना बाहेर काढा, आणि वर्षाला हजार घागरींनी शिळेला न्हाऊ घाला.

"तेव्हा नगर बुडत होते का?"

"नव्हते. एक जण घाटावर जाऊन पायऱ्या पाहून आला असता तर कळले असते. पण त्यांना हसायला आवडत होते, म्हणून खरे वाटले."

"मिठाची शिळा, आणि तिला दरवर्षी स्नान," जाईवंता सावकाश म्हणाली. "ती झिजत गेली. आम्ही जड झालो नाही."

"जाताना शंखनाभाने माझ्या कानात उःशाप सांगितला होता. ज्या दिवशी या नगराचा राजा जड ठरलेल्या माणसाच्या ओंजळीतून शिळेचे पाणी पिईल, त्या दिवशी शाप उतरेल. बाई, असा राजा मी पाहिला नाही."

"आज काय आहे?" जाईवंताने टिटवीला विचारले.

"उद्या पौर्णिमा. उन्हे वर आली की तुळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कासवाच्या मानेवरून, मोरीच्या कडेकडेने, झिजलेल्या दगडी पायऱ्यांनी वर चढली. ती थेट चौकातच निघाली. हजारावी घागर नुकतीच रिकामी झाली होती आणि मोरीतून पांढुरके पाणी वाहत होते. रांगा लागल्या होत्या. चारशे माणसे, बहुतेकांचे ओठ उपासाने सुकलेले. रांगेत पुढून चौथी पारिजा. गालफडे बसलेली, मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत सरकलेली, पायात त्राण नाही. तिने आईला पाहिले आणि नजर फिरवली. जाईवंताला तिच्याकडे धावत जावेसे वाटले. ती राजाकडे गेली.

राजा सुवर्णकेतूला प्रथेप्रमाणे सर्वांत आधी तुळेत बसावे लागे. महिनाभर तो तीन घासांवर राही. मुकुट सरकू नये म्हणून आत चिंध्या भरलेल्या होत्या.

"जड बाई चौकात," प्रधान म्हणाला. "पहारेकरी."

"महाराज, मला एक प्रश्न विचारायचा आहे," जाईवंता म्हणाली. या वेळी तिने मान वर ठेवली होती. "मी कासवाला भेटून आले. त्याला भार होत नाही. ही शिळा मिठाची आहे. हिला किती जण उचलत असत?"

प्रधान बोलायच्या आत शिळेचा म्हातारा पुजारी म्हणाला, "माझ्या आज्याच्या वेळी चार जण लागत. आता आम्ही दोघे उचलतो. आम्हाला वाटे, देवाची कृपा."

रांगेतून एक शिंपीण पुढे आली. "शेला दरवर्षी सैल होतो, महाराज. आम्ही दरवर्षी आतून टीप घालतो. सासूबाई म्हणायच्या, रेशीम ताणते."

सोनार म्हणाला, "चौरंगावर शिळा डगमगते म्हणून मी बाजूने पाचरी बसवतो. मला वाटले, चांदी झिजली."

असे एकेक जण बोलू लागले. प्रत्येकाजवळ एकेक खूण होती आणि प्रत्येकाने तिच्यावर आपली आपली समजूत घालून ठेवली होती. प्रधान सूक्ष्मसेनाने हात वर केला. "हे पाणी मिठाचे आहे की गोड, हे कोण सांगणार? ते पिणारा जागच्या जागी जड होतो. शास्त्र आहे."

जाईवंता मोरीशी वाकली, ओंजळ भरली आणि सगळ्यांदेखत प्याली. चौकात कोणी हालले नाही. ती तिथेच उभी राहिली, होती तेवढीच. मग तिने पुन्हा ओंजळ भरली आणि राजापुढे धरली.

"महाराज, चव पाहा."

राजाने त्या ओंजळीकडे पाहिले. टाक्यांनी फाटलेली बोटे, त्यांतून ठिबकणारे पाणी. "मी जड झालो तर?" त्याने हलकेच विचारले.

"तर माझ्या शेजारी राहायला या. पैलतीरावर माणसे चांगली आहेत."

"महाराज, वंशाची लाज," प्रधान म्हणाला.

राजा त्याच्याकडे वळला. "प्रधानजी, मी सोळा वर्षांचा असल्यापासून उपाशी आहे. नगर बोटभरही थांबलेले नाही. हे असे का, एवढे एकदा मला कळू दे." असे म्हणून त्याने जाईवंताच्या ओंजळीला ओठ लावले आणि प्याला. त्याचे तोंड वाकडे झाले.

"खारट आहे," राजा म्हणाला.

एवढे बोलणे व्हायला आणि जमीन हलायला एकच गाठ पडली. शिळा मधोमध तडकली आणि तिचे मिठाचे ढेकूळ होऊन चौकात पडले. खाली कासवाने सात पिढ्यांनी मान उचलली. घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या एकामागून एक वर आल्या, शेवाळ्याने हिरव्या, पाणी निथळत. तुळेची दोन्ही रिकामी पारडी हेलकावे खात राहिली.

राजाने त्याच दिवशी सगळ्या होड्या पैलतीराकडे धाडल्या. जड ठरलेली माणसे परत आली, आपापल्या घरांत गेली, कित्येकांच्या घरांत दुसरेच लोक राहत होते तिथे वाद झाले आणि मिटले. सूक्ष्मसेनाला राजाने पैलतीरावरच्या गुऱ्हाळावर ठेवले, तिथे तो गुळाची चव पाहतो. जुन्या सवयी मात्र शापापेक्षा चिवट. पंगतीत वाढप्याचा हात अजून कधीमधी आखडतो. तेव्हा आता कोणी ना कोणी म्हणते, वाढ त्यांना. वैद्य आधी नाडी पाहतो.

पारिजा त्या दिवशी आईजवळ आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी लोकांना सांगितले होते की तू मेलीस."

"मला टिटवीने सांगितले."

"तू रागावली नाहीस?"

"तुझ्यावर नाही. आत ये, ऊन लागेल."

जाईवंताने भाकऱ्या केल्या, वांग्याचे भरीत केले. पारिजाने दोन घास खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे मनगट चाचपून पाहिले. मग घास ताटात ठेवला. शिळा फुटली होती, नगर वर आले होते, पण पोरीच्या हाताला ते अजून कळले नव्हते. जाईवंता खा म्हणाली नाही, थोडे खा असेही म्हणाली नाही. समोर बसून आपले ताट स्वस्थपणे संपवीत राहिली, आणि असे तिने रोज केले.

एकविसाव्या दिवशी पारिजाने ताटातली भाकरी संपवली. मग आईकडे न पाहता म्हणाली, "आणखी एक आहे का?"

"करते," जाईवंता म्हणाली, आणि पीठ घेऊन चुलीकडे तोंड करून बसली, कारण तिच्या डोळ्यांतले पाणी लेकीने पाहावे असे तिला वाटत नव्हते.

त्या मायलेकींना जसे पोटभर मिळाले, तसे ऐकणाऱ्यांना मिळो, आणि मागून घ्यायला कोणाला लाज न वाटो.